चिंचेवरचे बगळे आणि सोळा महिन्यांचे अर्ज

२२ जुलै २०२३, शनिवार. तीन दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. मी डेअरीला दूध घालून परत येत होते. शाळेजवळच्या मोठ्या चिंचेच्या विजेच्या तारांकडच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकलेल्या दिसल्या. पानं चिखलात पडली होती आणि त्या पानांत काहीतरी पांढरं हलत होतं. वाकून पाहिलं तर बगळ्यांची पिल्लं.

शाळेतली चार-पाच पोरं आणि मी मिळून मोजली. तेवीस मेलेली, चार जिवंत. ती चार मी टोपलीत घालून घरी आणली, चुलीजवळ ठेवली आणि चमच्यानं त्यांच्या चोचीत पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत चारही गेली. असं पाणी घातलं की ते श्वासनलिकेत जातं, हे मला पुढं दोन महिन्यांनी कळलं. ते कळल्यावर मी किती वेळ रडले, ते सांगत नाही.

तारांना फांद्या लागत होत्या हे खरं. पावसात त्यातून कुणाला शॉक बसला असता. तोडायला आलेल्या माणसांनी त्यांचं काम केलं. पण हेच काम मे महिन्यात झालं असतं तर झाडावर एक पिल्लू नव्हतं. पुढचे सोळा महिने मी जे काही केलं, ते एवढ्या एका गोष्टीसाठी. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात अशी झाडं गावोगावी आहेत, म्हणून सगळं तारखांसकट लिहिते आहे.

माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर खानापूर तालुक्यात. शिक्षण बारावी, मराठीतून. कन्नड बाजारापुरतं बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. पक्ष्यांची माहिती म्हणाल तर शेतात दिसतात तेवढीच.

पहिला अर्ज २७ जुलैला पंचायतीत दिला, मराठीत, हातानं लिहून. ठेवून घेतला. पंधरा दिवसांनी गेले तर सापडत नव्हता. माझ्याकडं दुसरी प्रत नव्हती आणि पोचही नव्हती. तेव्हा पहिली गोष्ट: अर्ज कितीही साधा असो, दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. पोचेला कन्नडमध्ये ‘स्वीकृती’ म्हणतात. तो शब्द पाठ करून जा.

दुसरा अर्ज कन्नडमध्ये करायचं ठरवलं. आमच्या शेजारची सून बैलहोंगलची. ती मला अक्का म्हणते, मीही तिला अक्काच म्हणते, दोन्ही भाषांत तो शब्द चालतो. तिनं अर्ज लिहून दिला आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवली. ‘विषय’ तोच, ‘दिनांक’ तोच. चिंच म्हणजे हुणसे, घरटं म्हणजे गूडु, बगळा म्हणजे बेळ्ळक्की. बेळ्ळक्की म्हणजे पांढरा पक्षी, असं तिनं फोडून सांगितलं तेव्हा आम्हा दोघींनाही तो शब्द फार आवडला. खानापुरात टायपिंगला पानाला साठ रुपये पडले. एसटीचा खर्च शून्य, कारण त्याच वर्षी ११ जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला होता. ती योजना नसती तर इतक्या खेपा मला झेपल्या नसत्या. आधारकार्डासारखं ओळखपत्र मात्र जवळ ठेवावं लागायचं.

त्याच अर्जाची प्रत वनविभागाच्या रेंज ऑफिसला दिली. आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेब पहिल्या दोन खेपांना फिरतीवर होते. तिसऱ्या खेपेला भेटले, दहा मिनिटं बसवून ऐकून घेतलं आणि आमच्या भागातल्या गार्डना बोलावलं. गार्डनी मला कायदा समजावून सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही धरलेलं आहे. म्हणजे बंदूक हातात नसली तरी ती शिकारच. शिवाय झाड तोडायचं तर १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. मला धीर आला. मी म्हटलं, मग ग्रामसभेत हाच कागद वाचून दाखवते. गार्ड म्हणाले, “दाखवा की. पण कागद दाखवून गाव गप्प बसंल ताई, ऐकणार नाही.”

ते खरंच झालं. २ ऑक्टोबर २०२३ च्या ग्रामसभेत मला बोलायला मिळालं. मी कायदा वाचला, पर्यावरण म्हटलं, निसर्गाचा समतोल म्हटलं. सभागृह शांत. मग मागच्या बाजूनं एक आत्ती उठल्या. “पाखरं येऊदेत की ओ, पाखरांशी आमचं काय भांडण? पर माझ्या नातीचा युनिफॉर्म रोज दोनदा धुवायचा कुणी?” आणि मग सगळेच बोलू लागले. झाडाखाली बसची वाट बघायचा बाकडा आहे, तिथं बसता येत नाही. वासानं चहाच्या गाड्यावर गिऱ्हाईक थांबत नाही. बर्ड फ्लू आला तर? बगळे भातात उतरतात, दाणे खातात. एकानं ‘झाडच काढून टाकूया’ असा ठराव मांडला. पीडीओंनी (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी) वनविभागाच्या परवानगीशिवाय तो घेता येणार नाही म्हणून पुढच्या सभेवर ढकलला.

घरी येऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वही घेतली आणि लोकांनी जे जे म्हटलं होतं ते आठवेल तसं लिहून काढलं. अकरा तक्रारी झाल्या. त्यातल्या नऊ घाणीच्या आणि वासाच्या होत्या. पक्ष्याचा राग म्हणावा अशी एकही नव्हती. मी सभेत पाऊण तास ज्याचं उत्तर देत होते, तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मग मी घरोघरी जायला लागले, बोलायला नाही, विचारायला. भाताचं उदाहरण सांगते. बगळे दाणे खातात म्हणणाऱ्या तात्यांना मी विचारलं, तुमच्या शिवारात ते कधी येतात? म्हणाले, चिखलणीला, रोटाव्हेटर फिरतो तेव्हा मागं मागं. मग दाणे कुठं असतात तेव्हा? ते थोडं थांबले. “तेव्हा कुठले दाणे? नाकतोडं, बेडकं, गांडुळं वर येतात, ते खातात की.” हे त्यांनीच सांगितलं. पुढं मी कुठं गेले तरी म्हणत असे, अमुक तात्यांना विचारा. माझ्या पुस्तकातल्या वाक्यापेक्षा त्यांच्या शिवाराला जास्त वजन होतं.

बर्ड फ्लूचं पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून आले. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलायचा नाही, विष्ठेला हात लागला तर साबणानं धुवायचे, आणि एकदम पुष्कळ पक्षी मेलेले दिसले तर दवाखान्यात कळवायचं. एवढं मोठ्या अक्षरांत लिहून चहाच्या गाड्यावर लावलं. भीती पूर्ण गेली नाही, पण काय करायचं ते माहीत झालं.

दुसरीकडं शाळेचं. एचएम (मुख्याध्यापक) सरांची इच्छा होती, पण बाहेरच्या माणसाला वर्गात उभं करायचं तर बीईओ (तालुक्याच्या शिक्षणाधिकारी) ऑफिसचं पत्र हवं. कागद लागले ते असे: विनंतीअर्ज, आधारची झेरॉक्स, एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव आणि प्रत्येक तासाला काय शिकवणार त्याचा आराखडा. आराखडा मी मराठीत केला होता, तो परत आला. पुन्हा अक्का, पुन्हा टायपिंग. परवानगीला एकोणीस दिवस लागले. आठ शनिवार, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं, वर्गात शिक्षक हजर हवेत आणि मुलांचे फोटो कुठं टाकायचे नाहीत. या दोन्ही अटी मला योग्यच वाटल्या. आमच्या गावात मराठी आणि कन्नड अशा दोन शाळा एकाच आवारात आहेत आणि चिंच दोघींचीही आहे, म्हणून परवानगी दोन्हींसाठी मागितली. कन्नड शाळेत अक्का माझ्याबरोबर उभी राहणार होती.

साहित्याची काळजी होती, ती फुकटात सुटली. मैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचा ‘अर्ली बर्ड’ नावाचा उपक्रम आहे. त्यांची पक्ष्यांची पोस्टरं अनेक भारतीय भाषांत आहेत, कन्नडमध्येही आणि मराठीतही, आणि डाउनलोड करता येतात. मी दोन्ही भाषांतली ए-थ्री आकारात रंगीत छापून घेतली, आठ पोस्टरांचे तीनशे साठ रुपये. माहेरच्या शाळेतूनही काही मिळालं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. माझ्या भाचीनं त्यासाठी केलेली चित्रं मला देऊन टाकली.

२ डिसेंबरचा पहिला तास वाया गेला. मी राजधनेश (मोठा हॉर्नबिल) दाखवला, १९४० मध्ये सालिम अलींच्या सांगण्यावरून म्हैसूरच्या महाराजांनी रंगनतिट्टूला अभयारण्य कसं केलं ते सांगितलं, नीलपंख हा कर्नाटकाचा राज्यपक्षी आणि हरियल महाराष्ट्राचा हे सांगितलं. पोरं जांभया देत होती. भीमगडचं अभयारण्य आमच्याच तालुक्यात असूनही धनेश एकानंही पाहिलेला नव्हता. दुसऱ्या शनिवारी मी पोस्टरं घरीच ठेवली आणि सगळ्यांना चिंचेखाली नेलं. म्हटलं, मला इथलं काही माहीत नाही, तुम्ही सांगा.

मग जे सुरू झालं ते थांबवता येईना. घरट्यात काय काय असतं, तर काड्या, तार, एकदा टूथब्रशसुद्धा. बगळ्याच्या डोक्यावर नारिंगी रंग कधी येतो. रात ढोकरी अंधार पडल्यावर ‘क्वाक’ करत ओढ्याकडं जाते. हे सगळं सांगणारा सातवीतला एक मुलगा होता. बेचकीत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. कुठली फांदी, कितवं घरटं, त्याला डोळे मिटून माहीत होतं. मोजणीची वही मी त्याच्याकडं दिली. फेब्रुवारीत त्यानंच एक ढोकरी पाडली आणि ती माझ्या दारात आणून ठेवली, काही न बोलता. मी रागावले नाही. रागावावं की नाही तेच मला समजत नव्हतं. आम्ही दोघांनी ती परड्यात पुरली. वही त्यानं परत केली नाही, मीही मागितली नाही. जूनमध्ये तो आठवीला खानापूरला गेला. तिथं बेचकी वापरतो की नाही, मी त्याला विचारलेलं नाही.

संक्रांतीनंतर एका शनिवारी मुलांनी झाडांतून, तारांतून लोंबणारा मांजा काठ्यांनी काढला. एक मोठी पिशवी भरली. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, हे दुकानदारांना सांगायला मुलं स्वतः गेली. मी गेले असते तर वाद झाला असता. दर फेब्रुवारीत जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी असते, निदान पंधरा मिनिटं बघून दिसतील ते लिहायचे; २०२४ मध्ये ती १६ ते १९ तारखेला होती. त्यात आमच्या दोन्ही शाळा मिळून एकतीस प्रकार झाले. शाळांसाठी सुरुवातीला यासारखं सोपं काही नाही. खर्च काहीच नाही, आणि मुलांच्या हाती खरं काम येतं.

मोठ्यांचं काम मात्र पोस्टरांनी झालं नाही, खतानं झालं. मंड्या जिल्ह्यात मद्दूर तालुक्यात कोक्करे बेळ्ळूर नावाचं गाव आहे. तिथं झोळीवाले पाणकोळी आणि चित्रबलाक गावातल्या घराशेजारच्या चिंचांवर घरटी करतात. लोक त्यांना शुभ मानतात, झाडाखालची विष्ठा खड्ड्यात साठवून तळ्यातल्या गाळात मिसळून शेतात घालतात. २००७ मध्ये ते समुदाय राखीव क्षेत्र झालं. याचा एक व्हिडिओ मी आमच्या स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचत गटाच्या) बैठकीत मोबाइलवर दाखवला. पाणकोळी बघून कुणी काही बोललं नाही. खत म्हटल्यावर सगळ्या पुढं सरकल्या. तिथंच ठरलं: झाडाखाली पिंजर (भाताचं वाळलेलं गवत) पसरायची, दर शनिवारी ओढून खड्ड्यात टाकायची, वर नवी घालायची, आणि खत संघातल्या बायकांनी वाटून घ्यायचं. बसचा बाकडा वीस पावलं पुढं न्यायचा. शाळेचं बाजूचं फाटक उघडायचं म्हणजे मुलांना झाडाखालून यावं लागणार नाही. ज्या आत्ती ग्रामसभेत उठल्या होत्या, पहिली पिंजर त्यांनीच आणून टाकली.

आता तारांकडच्या फांद्या पावसाआधी छाटून घ्यायच्या होत्या. अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ग्रामसभा नाही, ठराव नाही, जो तो म्हणे निवडणुकीनंतर. आमच्याकडं ७ मेला मतदान झालं, त्यानंतरही साहेबलोक निवडणुकीच्याच कामात. तुमचा अर्ज मार्च ते जूनमध्ये येत असेल तर निवडणुकीचं वर्ष आहे का ते आधी बघा आणि जानेवारीतच द्या. मी रोज आकाशाकडं बघत असे, वळीव सुरू झाला होता. शेवटी पाच खेपा आणि एका लेखी स्मरणपत्रानंतर २८ मेला माणसं आली. गार्ड स्वतः खाली उभे होते. तारांकडच्या फांद्या गेल्या, शाळेकडची बाजू तशीच ठेवली.

९ जूनला पहिले बगळे उतरले. त्या रात्री मी झोपले नाही, आनंदानं.

गाय बगळ्याची अंडी साधारण चोवीस दिवसांत फुटतात. मुलांनी फळ्यावर कोपऱ्यात रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. जुलैत पावसानं शाळांना सुट्ट्या पडल्या तेव्हा चहावाल्या आजोबांनी आकडा खडूनं गाड्याच्या पत्र्यावर लिहिला. १४ जुलैला अठ्ठावन्न घरटी झाली. तो आमचा सगळ्यांत मोठा आकडा.

वाऱ्यानं पिल्लं पडायची. एकूण अकरा पडली. पिंजर मऊ असल्यामुळं बहुतेक जगली. यातून शिकलेलं लिहिते. पिल्लू जखमी नसेल तर घरट्यात परत ठेवणं उत्तम. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. घरटं उंच असेल तर शिडी असलेल्या जाणत्या माणसालाच चढू द्या. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की सरळ डोळ्यावर चोच मारतं, म्हणून चष्मा घाला, फडक्यानं धरा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत कापड घालून, झाकून अंधारात ठेवा. पाणी चोचीत घालू नका. दूध, भात काही नको. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अकरांपैकी सहा घरट्यात परत गेली, दोन डॉक्टरांकडं, तीन वाचली नाहीत.

ऑक्टोबरच्या मध्याला झाड रिकामं झालं. सोळा महिन्यांचा सगळा खर्च वहीत आहे: टायपिंग, झेरॉक्स, छपाई, बांबू-दोरी आणि फलक मिळून सहा हजार सातशे चाळीस रुपये. त्यातले दोन हजार संघानं दिले, बत्तीसशे फलकाला गेले.

त्या फलकावर काय लिहायचं यात दोन आठवडे गेले. वर कन्नड मोठ्या अक्षरांत, खाली मराठी, यावर कुणाचा वाद झाला नाही. वाद मजकुराचा होता. मला ‘पक्षी वाचवा’ असं काहीतरी हवं होतं. मुलं म्हणाली, ते कुणी वाचत नाही. शेवटी त्यांनी सांगितलं ते रंगवलं: “जून ते ऑक्टोबर या झाडावर पिल्लं असतात. फांद्या तोडायच्या असतील तर मे महिन्यात तोडा.” खाली १९२६. सालिम अलींच्या जन्मदिवशी, १२ नोव्हेंबर २०२४ ला तो उभा केला. भाषणं ठेवली नाहीत. अक्कानं कन्नड ओळ वाचली, मीही वाचली. आता मला ती वाचता येते.

यंदा मे महिन्यात मी माहेरी होते, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. अक्काचा फोन आला. लाइनमन येऊन झाडाखाली थांबले होते, म्हणे. चहावाल्या आजोबांनी त्यांना चहा दिला, फलक दाखवला आणि सांगितलं, “आजच करून घ्या, सात-आठ तारखेला यायला लागतील ती.”